डोळे दिपवणारा प्रत्येक दिवा 'अपर'वर नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही तक्रार वाचकांच्या पत्रांत वरचेवर येते. निदानही ठरलेले असते: लोक डिपर देत नाहीत, म्हणजे दूरवर पडणारा 'अपर'चा उजेड खाली उतरवत नाहीत, शिस्त नाही. ते खरेच आहे. पण समोरच्याला दोन-तीनदा खूण करूनही उजेड खाली येत नाही, तेव्हा पुष्कळदा तो बिचारा आधीच डिपरवर असतो. चूक दिवा बसवणाऱ्याची असते. बंपरचे काम झाल्यावर दिवा वाकडा बसलेला असतो, बल्ब खाचेत नीट बसलेला नसतो, नाहीतर हॅलोजन बल्बसाठीच्या वाटीत, म्हणजे बल्बमागच्या रिफ्लेक्टरमध्ये, एलईडी बल्ब कोंबलेला असतो. यातले पहिले दोन दोष तासा-दोन तासांत निघतात. तिसरा तर जुना बल्ब परत लावला की गेला.

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतात. समोरून येणाऱ्या मोटारीने डोळे दिपले की पुढचे तीन-चार सेकंद आपल्या पुढची ट्रॉली दिसतच नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. दुभाजक नसलेल्या घाटरस्त्यांवरही हेच होते. दिव्याचा कोन हा हौशी लोकांचा विषय नाही, तो यासाठी.

मोटारीच्या डिपरच्या उजेडाला वरून एक स्पष्ट कड असते. कडेखाली उजेड, वर अंधार. ही कड दर मीटरला साधारण १ सेंटीमीटर खाली उतरत गेली पाहिजे. बहुतेक दिव्यांच्या पाठीवर किंवा जवळच्या स्टिकरवर '१.०%', '१.२%' असा आकडा छापलेला असतो, तो या उताराचाच. जमिनीपासून ६५ सेंमी उंचीवरच्या दिव्याला १ टक्का उतार दिला, तर त्याची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. ५० मीटरवर ती जमिनीपासून १५ सेंमीवर असते, म्हणजे चाकाच्या आसाच्याही खाली. त्याच दिव्याला १ टक्का उताराऐवजी १ टक्का चढ मिळाला, तर ५० मीटरवर कड ११५ सेंमीवर जाते. समोरच्या मोटारीतल्या चालकाचे डोळे जवळपास तिथेच असतात.

आता १ टक्का म्हणजे हातात धरून किती, ते पाहा. दिव्याच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत २० सेंमी अंतर असेल, तर खालची बाजू २ मिलिमीटर पुढे आली की दिव्याचा कोन १ टक्क्याने वर जातो. दोन मिलिमीटर म्हणजे जेमतेम एका जाड वायसरची जाडी. वायसर दोन झाले की उतारावरचा दिवा चढाला लागतो. डेंटिंगच्या दुकानात 'बोनेटशी फट जुळत नाही' म्हणून दिव्यामागे खालच्या बोल्टावर वायसर टाकतात, तेव्हा नेमके हेच घडते. फट जुळते, गाडी देखणी दिसते, गिऱ्हाईक दिवसा गाडी घेऊन जाते.

अपघातानंतर दिवा बसवण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो उलटा केला की सगळे बिघडते. आधी दिवा ज्या पट्टीवर बसतो ती, म्हणजे गॅरेजवाले जिला शो पॅनल म्हणतात ती, सरळ हवी. डावी-उजवी बाजू मोजून पाहायची. कर्णाची दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. मग दिव्याचे सगळे बोल्ट हाताने नुसते अडकवायचे, फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि बोनेटशी फट सारखी करायची, आणि मगच आवळायचे. बंपर सगळ्यात शेवटी. आधी बंपर चढवून मग त्याच्या मापाने दिवा ढकलला, तर बंपरच्या क्लिपा दिव्याला पुढे ओढून धरतात. अशा दिव्याचा कोन आज नीट लावला तरी महिनाभरात खड्ड्यांनी सुटतो. आवळताना पिस्तुलाने, म्हणजे एअर गनने, आवळायचे नाही. खाली बोल्ट धरणारा दिव्याचा कान प्लास्टिकचा आहे, लोखंडाचा नाही.

या कानांचे एक वेगळे प्रकरण आहे. ठोकर लागली की दिव्याची काच शाबूत राहते आणि मागचा एखादा कान तुटतो. मग तिथे दोन भाग मिसळून करायची लांबी (पुट्टी) किंवा झटपट चिकटणारा डिंक लावून दिवा बसवतात. तो टिकत नाही. कारण दिव्याची पुढची 'काच' पॉलिकार्बोनेटची असली, तरी मागचा डबा बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनचा असतो, आणि त्याला असा कोणताही डिंक धड धरत नाही. डब्यावर 'पीपी' (PP) ही अक्षरे उठवलेली असतात, ती बघून घ्यावीत. असा कान जोडायचा तर त्याच प्लास्टिकची काडी वितळवून, वेल्डिंग करून, आतून गरम तारेचे टाके घालून जोडावा लागतो. काही गाड्यांसाठी कंपनीच नुसत्या कानाची जोडपट्टी सुटी देते. ती मिळत असेल तर पूर्ण दिवा बदलण्याचे कारण उरत नाही. केबल टायने बांधलेला दिवा ओळखायला यंत्र लागत नाही. इंजिन चालू ठेवून भिंतीवरची कड पाहिली, तर ती थरथरताना दिसते.

नकली दिव्यांत हे कान मुळातच इकडेतिकडे असतात. भोक जुळत नाही म्हणून ते ड्रिलने लांबवले जाते, आणि मग दिवा हवा तिथे नाही, जमेल तिथे बसतो. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून परदेशी गाडीचा दिवा आणणाऱ्यांनी आणखी एक खूण पाहावी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून डिपरची कड डावीकडे वर उचललेली असते. त्यामुळे फूटपाथ, पाट्या, कडेने चालणारा माणूस दिसतो. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांच्या दिव्यात हा उचललेला भाग उजवीकडे असतो, थेट समोरच्याच्या तोंडावर. युरोपीय प्रमाणाच्या दिव्यावर वर्तुळात इंग्रजी 'E' अक्षर असते आणि त्याच खुणांत बाण असतो. दिव्यासमोर उभे राहून पाहताना बाण आपल्या उजव्या हाताला दाखवत असेल, तर दिवा आपल्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोक असलेला बाण असेल, तर तो दोन्हीकडे चालवता येतो. बाणच नसेल तर तो दिवा इथे बसवू नये. कोन कितीही फिरवला तरी उजवीकडचा उचललेला भाग जात नाही.

बल्बचे दुखणे छोटे, पण सर्रास. आपल्याकडे अनेक छोट्या गाड्यांत एच ४ बल्ब असतो: एकाच बल्बमध्ये दोन तारा, अपरची ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि उजेड खाली फेकला जातो. बल्ब थोडा जरी फिरला, की त्या वाटीची आडोशाची बाजू फिरते आणि कड पुसट होते किंवा तिरकी पडते. या बल्बच्या चकतीला तीन कान असतात, एक इतर दोघांपेक्षा वेगळा, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसावा. पण बऱ्याच गाड्यांत बल्ब बदलताना हात आत घालून चाचपडतच काम करावे लागते. एक कान खाचेबाहेर राहतो, वर तारेची क्लिप कशीबशी ओढली जाते, बल्ब पेटतो, काम झाले. एच ७ (एकाच तारेचा बल्ब) मध्ये तर क्लिप एका बाजूनेच अडकलेली राहिली तरी कळत नाही. बदलल्यावर समोरून काचेतून वाकून पाहावे, बल्ब मधोमध आणि सरळ दिसला पाहिजे. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचे नाही. बोटाचे तेल तापून काचेवर पांढरा डाग धरते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच बोट, तर स्पिरिटने पुसून मग बसवावा.

लोक एलईडीकडे का वळतात? 'कंपनीचा दिवा मंद आहे' म्हणून. यातल्या निम्म्या मंद दिव्यांना बल्बची नाही, व्होल्टेजची अडचण असते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड जवळपास ३० टक्के जातो. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो, कपलर (बल्बला तारा जोडणारे प्लग) काळे पडलेले असतात, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, डिपर चालू, मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावा. सुमारे १४ व्होल्ट दिसतील. मग बल्बच्या कपलरच्या मागून, बल्ब जोडलेला ठेवूनच, मोजा. बल्ब काढून मोजले तर करंट वाहत नसतो, आणि गंजलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. अनेकजण इथेच फसतात. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल, तर आधी अर्थिंग घासून साफ करावे. तरीही फरक राहिला तर रिलेचे (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर जास्त करंट सोडणाऱ्या स्विचचे) वायरिंग टाकावे: बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड तार रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून दिव्याला, आणि दिव्याची मूळ तार फक्त ८६ ला इशारा द्यायला, ८५ अर्थला. तोच ५५ वॉटचा बल्ब नवा वाटतो. १०० वॉटचे बल्ब मात्र नकोत. दोन बल्ब मिळून १६ ॲम्पिअरच्या वर ओढतात, कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी जळते.

काच पिवळी पडली असेल तर कोणताही बल्ब लावा, उजेड आतच विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांतही जातो. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ८००, १५००, २०००, ३००० असा चढत्या क्रमाने घासावा, पॉलिश करावे आणि वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्यावा. तो कोट नाही दिला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टचे उपाय आठवडाभराचे.

आता एलईडीबद्दल. मूळ एलईडी दिवा घेऊन आलेल्या गाड्यांबद्दल तक्रार नाही, त्यांची वाटी आणि भिंग त्याच प्रकाशासाठी आखलेले असते. तक्रार आहे ती हॅलोजनच्या दिव्यात बसवल्या जाणाऱ्या एलईडी बल्बबद्दल. हॅलोजनमध्ये उजेड एका बारीक तारेतून येतो, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक तुकडा त्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. जागेत मिलिमीटरचा फरकही चालत नाही. एलईडीत एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, मध्ये पट्टीची जाडी, म्हणजे उजेडाचा उगम पसरट आणि जागेवरून सरकलेला. कड राहत नाही, वर उजेडाचा धुरळा उडतो. विकणारा सांगतो, 'साहेब, थोडा खाली करून देतो.' खाली केल्याने कोन बदलतो, विखुरलेला उजेड तसाच राहतो. शिवाय दूरचा रस्ता अंधारात जातो. चालकाला मात्र वाटते की आता छान दिसते, कारण गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख होतात. त्या लख्ख पट्ट्याने बाहुली लहान होते आणि दूरचे आणखी कमी दिसते. त्यात एलईडी बल्बच्या मागचा पंखा मावत नाही म्हणून रबराचे झाकण कापतात. पहिल्या पावसाळ्यात आत पाणी, दुसऱ्यात रिफ्लेक्टर काळा. (पावसाळ्यात काचेवर आलेली हलकी वाफ दिवा अर्धा तास चालला की जात असेल तर काळजी नाही, आत थेंब साचत असतील तर झाकण किंवा हवेची नळी पाहावी.)

पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या बाजूला काळी पट्टी रंगवत असत. कड असलेल्या दिव्यांवर तो उपाय उलटाच. डिपरचा उजेड वरच्या अर्ध्या रिफ्लेक्टरमधून येतो, म्हणजे पट्टीने नेमका कामाचा उजेड झाकला जातो.

घरी तपासायचे तर एक भिंत आणि १० मीटर सपाट जागा पुरते. 'सपाट' याला इथे अर्थ आहे. भिंतीच्या पायथ्याची जमीन गाडीखालच्या जमिनीच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली-वर असली, की सगळा १ टक्का त्यातच गेला. गवंड्याची पाण्याची नळी मागून आणावी आणि मागचे चाक, पुढचे चाक व भिंतीचा पाया या तिन्हींची पातळी तिने पाहून घ्यावी. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, चालकाच्या जागी एक माणूस, आणि कोन बदलण्याची चकती असेल तर ती ० वर. गाडीचे नाक भिंतीला जवळजवळ टेकवावे. काचेवर बल्बच्या मध्याची बारीक खूण असते, तिच्यासमोर भिंतीवर चिकटपट्टीने उभी रेघ मारावी, दोन्ही दिव्यांची. दोन्ही खुणांमधून एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली १० सेंमीवर दुसरी. मग गाडी सरळ मागे, दिव्यापासून भिंत १० मीटर होईपर्यंत. जागा कमी असेल तर ५ मीटर चालेल, मग खालची रेघ ५ सेंमीवर. दिव्यावर १.२ टक्के छापले असेल तर १० मीटरला १२ सेंमी.

गाडीची पुढची आणि मागची बाजू दोन-तीनदा दाबून सोडावी म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसते. डिपर लावा आणि एका बल्बचा कपलर काढून ठेवा. कापड झाकून ठेवू नका, हॅलोजनची काच तापते. कडेचा आडवा भाग खालच्या रेघेवर आणि जिथून कड डावीकडे चढू लागते तो कोपरा उभ्या रेघेवर हवा. कोपरा जरा डावीकडे गेला तर चालेल, उजवीकडे नको. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर किंवा छोटा पाना लागतो. आधी उंची, मग बाजू, मग पुन्हा उंची, कारण एक फिरवला की दुसरे थोडे हलते. स्क्रू फिरतो पण कड हलत नाही, तेव्हा आतली प्लास्टिकची गोटी खोबणीतून निसटलेली असते. जोर लावू नये. आणि स्क्रू शेवटापर्यंत फिरवूनही कड रेघेवर येत नसेल, तर दोष स्क्रूचा नाही, दिवा बसवण्यातच आहे; परत वायसर आणि शो पॅनलकडे वळावे.

एवढे करूनही दिवाळीला पाच माणसे आणि डिकीभर सामान भरले की मागची बाजू बसते. चाकांतले अंतर २.५ मीटर असलेल्या गाडीची मागची बाजू २.५ सेंमी बसली, की दिवे १ टक्का वर गेलेच. डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा ४ आकड्यांची चकती असते, ती यासाठीच आहे. ती आजवर एकदाही न फिरवलेल्या गाड्या मोजायला गेलो तर दिवस पुरणार नाही.

कायद्यात तरतूद नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्याचा उजेड कायमचा खाली वळवलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, आणि दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपू नये. हा प्रयोग कोणीही करू शकतो. त्या जागी डोळे दीड मीटरवर येतील इतके वाकून उभे राहा. नीट लावलेल्या दिव्याची कड तिथे कमरेच्याही खाली असते. डोळे दिपले तर उजेड विखुरतो आहे.

पण हा नियम तपासतो कोण? व्यावसायिक वाहनाला फिटनेससाठी ठराविक काळाने जावे लागते. खासगी मोटार मात्र नोंदणीनंतर १५ वर्षे कुठल्याही तपासणीला उभी राहत नाही, फक्त पीयूसीला जाते. म्हणून मागण्या तीन. पीयूसी केंद्रावर दिव्याची कड तपासण्याचे यंत्रही असावे. ते दिव्यासमोर हातभर अंतरावर लावायचे असते, आतल्या भिंगामुळे १० मीटरची भिंत लागत नाही आणि दोन दिव्यांना पाच मिनिटे पुरतात. विम्याच्या दाव्यात दिवा, बंपर किंवा शो पॅनल बदलले असेल, तर सर्व्हेअरने बिलासोबत कडेच्या तपासणीची नोंद मागावी. आज चाकांच्या अलाइनमेंटची मिळते, दिव्यांची कोणी विचारतही नाही. तिसरी मागणी गाडी ताब्यात घेणाऱ्याकडे आहे: दुरुस्त झालेली गाडी अंधार पडल्यावर घ्यावी, आणि गॅरेजच्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पाडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

सोसायट्यांना तर यंत्रही नको. पार्किंगच्या एका सपाट भिंतीवर जमिनीपासून ५० ते १०० सेंमीपर्यंत दर ५ सेंटीमीटरला एक आडवी रेघ, बाजूला आकडे, आणि भिंतीपासून १० मीटरवर जमिनीवर एक पांढरा पट्टा. रंग लागेल अर्धा लिटर. कड दिव्याच्या उंचीपेक्षा दोन रेघा खाली पडते की नाही, एवढेच पाहायचे.

आपला,
वाहनांच्या विजेचे काम करणारा एक वाचक, सातारा